बिअरला लोण्याचा वास येतो, तरी तिसऱ्यांदा जावं का?

पत्र

मी ठाण्यात कोलशेत रोडला राहतो, वय चाळीसच्या आसपास. शाळेपासूनचे आम्ही सात-आठ मित्र अजून टिकून आहोत. आजवर ताजी, तिथल्या तिथे बनवलेली बिअर प्यायची म्हणजे लोअर परळ नाहीतर अंधेरी गाठायची आणि रात्री शेवटच्या लोकलच्या धास्तीने अर्धा ग्लास टाकून उठायचं. गेल्या वर्षी घोडबंदर रोडला एक मायक्रोब्रुअरी सुरू झाली. मालक आमच्याच शाळेचा, आमच्या दोन वर्षं मागे. आम्हाला कोण आनंद झाला! उघडल्यावर महिनाभरातच गेलो. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास आणि पेल एल नावाच्या फिकट बिअरला चक्क लोण्याचा. म्हटलं, नवीन आहेत, घडी बसेल. चार महिन्यांनी परत गेलो. पेल एल तशीच, वर स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आंबट. वेटरला सांगितलं तर म्हणाला, 'सर, क्राफ्ट बिअर अशीच असते.' चौघांचं बिल साडेसहा हजार झालं. आता डिसेंबरमध्ये आमच्या बॅचचं गेट-टुगेदर आहे, तीसेक जण येतील. ग्रुपवर सगळ्यांचा एकच घोशा: 'आपल्याच पोराकडे करू. मराठी मुलगा धंद्यात उतरलाय, आपण नाही साथ द्यायची तर कोणी द्यायची?' मला नाही म्हणवत नाही आणि तिथे जावंसंही वाटत नाही. एखाद्या जागेला किती संधी द्यायच्या?

— एक ठाणेकर

उत्तर

प्रिय ठाणेकर,

आधी डिसेंबरचं मिटवून टाकू. गेट-टुगेदर तिथे नको. तीस माणसं, त्यातली निम्मी कित्येक वर्षांनी भेटणारी. त्या रात्री तुम्हाला एकमेकांशी बोलायचं असेल, ग्लासात नाक खुपसून बसायचं नसेल. पण तुम्ही स्वतः तिथे आणखी एकदा जावं असं मला मनापासून वाटतं. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही दोनदा गेलात, दोनदा निराश झालात, पण ज्याच्या हातात काही बदलणं आहे त्याच्या कानावर तुमची तक्रार अजून गेलेलीच नाही.

तीन तक्रारींपैकी एक मी लगेच बाजूला काढते. गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येणं हा दोष नाही. हेफेवायझनसाठी, म्हणजे जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरसाठी, जे यीस्ट वापरतात ते आंबवताना स्वतःच हा वास तयार करतं, सोबत थोडा लवंगेचाही. त्यात कोणी इसेन्स घातलेला नसतो. आंबवणं जरा उबेला झालं की केळं पुढे येतं, गारव्यात झालं की लवंग. तुम्हाला तो वास आवडत नसेल तर ती बिअर मागवू नका, पण ब्रुअरीचे गुण त्यासाठी कापू नका. मला येणाऱ्या पत्रांत ही गल्लत फार दिसते. कोणी आयपीए ही मुळातच कडवट असणारी बिअर कडू लागली म्हणून रागावलेलं असतं, तर कोणी गव्हाची बिअर गढूळ आहे म्हणून परत पाठवलेली असते. कारलं कडू लागलं म्हणून स्वयंपाक बिघडला असं आपण म्हणत नाही. आपल्याला नावडलं काय आणि खरोखर बिघडलं काय, हे वेगळं काढल्याशिवाय पुन्हा जायचं की नाही हा प्रश्न सुटायचा नाही.

लोण्याचं मात्र तसं नाही. तिथे तुमचं नाक बरोबर आहे.

त्या वासामागच्या पदार्थाचं नाव डायअॅसिटिल. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत असताना एक पदार्थ बाहेर टाकतं आणि पुढे त्याचं डायअॅसिटिल होतं. हे प्रत्येक बिअरमध्ये होतं, त्यात काही वावगं नाही. बिअर शेवटचे दोन-तीन दिवस जरा उबेला यीस्टसोबत राहू दिली की तेच यीस्ट ते परत शोषून घेतं. ब्रुअर मंडळी याला डायअॅसिटिल रेस्ट म्हणतात. घाई करून टाकी लवकर थंड केली, यीस्ट लवकर काढून टाकलं, तर लोणी बिअरमध्येच राहतं. मॉलच्या थिएटरमधल्या बटर पॉपकॉर्नचा येतो तसा वास येतो आणि जिभेवर किंचित बुळबुळीत थर राहतो. काही इंग्लिश एल आणि चेक लागर (गारव्यात सावकाश आंबवलेली बिअर) यांत त्याची पुसटशी झाक चालवून घेतात, पण तुम्ही 'चक्क' म्हणताय, म्हणजे झाक नक्कीच नव्हती.

हे तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच टाकीतून दोन नमुने काढायचे. एक झाकून 60 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचा, मग गार करायचा आणि दोन्ही हुंगून बघायचे. गरम केलेल्यात लोणी उमटलं तर बिअर अजून तयार नाही, आणखी थांबा. दोन झाकणाचे ग्लास आणि गरम पाणी एवढ्यावर भागतं. म्हणून पुन्हा पुन्हा लोण्याचा वास मारणारी बिअर नळाला लागते तेव्हा मला वाईट वाटतं. पैसे किंवा यंत्रं कमी पडली म्हणून ते होत नाही, कोणी तरी दोन-तीन दिवस थांबलं नाही म्हणून होतं.

आता तुमच्या दोन भेटींमधल्या चार महिन्यांकडे बघा. पेल एल साधारण दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरला महिना-दीड महिना लागतो, कधी जास्तही. म्हणजे तुम्ही गेला नव्हतात त्या काळात पेल एलच्या तीन-चार बॅच तरी निघून गेल्या असणार. पहिल्या भेटीतलं लोणी मी नवखेपणाच्या खात्यावर टाकलं असतं. नव्या जागेत टाक्या, चिलर, पाणी सगळंच नवं असतं. कागदावर सुरेख दिसणारी रेसिपी त्या यंत्रांवर बसायला वेळ लागतो. त्यात परवाने हातात येईस्तोवर भाडं आणि पगार चालू झालेले असतात, त्यामुळे दार उघडायची घाई होते. उघडल्यापासून पहिले दोन-तीन महिने कुठल्याही ब्रुअरीवर मी कायमचं मत बनवत नाही, तुम्हीही बनवू नका. पण इतक्या बॅचनंतरही तेच लोणी असेल तर तो अपघात उरत नाही. एक तर कोणी तरी दर वेळी बिअर लवकर काढतंय, नाहीतर तिथे ते कोणाला कळतच नाहीये.

यातलं दुसरं खरंच शक्य आहे. डायअॅसिटिल ओळखण्याची ताकद माणसागणिक वेगळी असते. काहींना एवढंसं असलं तरी लगेच कळतं, काहींना भरपूर असूनही पत्ता लागत नाही. शिवाय रोज तीच बिअर चाखणाऱ्याच्या नाकाला तिची सवय होऊन जाते. तुमच्या चौघांतला एखादा 'मला तर काही जाणवलं नाही बुवा' म्हणाला असेल, तर तोही खोटं बोलत नव्हता. शहाण्या ब्रुअऱ्या म्हणूनच एकाच माणसाच्या जिभेवर विसंबत नाहीत, चार-पाच जणांना चाखायला बसवतात. लहान जागेत ब्रुअर एकटाच असतो, मालक हिशेबात बुडालेला असतो आणि गिऱ्हाईक काही न बोलता बिल भरून निघून जातं.

स्टाउटबद्दल तुम्ही नुसतं 'आंबट' लिहिलंय, तिथे मला थोडं अडखळायला होतं. काळ्या भाजलेल्या बार्लीने स्टाउटला कडक फिल्टर कॉफीसारखी आंबटसर धार येते. ती असायलाच हवी. पण आंबटपणा दह्यासारखा असेल किंवा व्हिनेगरसारखा नाकात झोंबत असेल, तर बॅक्टेरिया शिरलेत. ते टाकीत शिरले असतील किंवा टाकीपासून नळापर्यंत येणाऱ्या नळीत. नळीतल्या घाणीत वाढणारे काही बॅक्टेरिया आंबटपणा आणि लोण्याचा वास दोन्ही एकदम देतात. त्यामुळे मी असा अंदाज बांधते: एकाच ग्लासात लोणी आणि दह्याचा आंबटपणा दोन्ही आले तर संशय स्वच्छतेवर, नुसतं लोणी असेल तर घाईवर.

आणि या दोन्हींना मी एकाच मापाने मोजत नाही. घाई, अननुभव, चुकलेला अंदाज यांना वेळ द्यावा. अस्वच्छतेला देऊ नये. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची शिफारस आहे की बिअरच्या नळ्या निदान दर 14 दिवसांनी रसायनाने धुवाव्यात. आपल्याकडच्या दमट, उकाड्याच्या हवेत तर याबाबत ढिलाई नकोच. हे काम शिकायला वर्षं लागत नाहीत, कौशल्यही लागत नाही. ते झालं नसेल तर कोणी तरी टाळलं म्हणूनच झालेलं नाही.

नळी तुम्हाला दिसणार नाही, पण ग्लास दिसतो. पुढच्या वेळी बिअर समोर आली की पिण्याआधी ती उजेडाकडे धरा. आतल्या बाजूने काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो ग्लास नीट धुतलेला नाही. तेलाचा, साबणाचा किंवा कळकट फडक्याचा अंश तिथे राहिलाय. अशा ग्लासात फेस मिनिटाभरात बसतो. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात, फेस टिकतो आणि प्रत्येक घोटानंतर काचेवर फेसाचं एकेक कडं उरतं. बिअर संपल्यावर ती कडी मोजली की किती घोटांत प्यायलात तेही सांगता येतं. जिथे गिऱ्हाइकाला दिसणारा ग्लास नीट धुतला जात नाही, तिथे न दिसणारी नळी वेळच्या वेळी धुतली जात असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता तो वेटर. 'क्राफ्ट बिअर अशीच असते' हे उत्तर मला फार लागलं, कारण त्यात गिऱ्हाइकालाच अडाणी ठरवलंय. पण तो राग त्या मुलावर काढू नका. त्याला कोणी तरी हेच वाक्य शिकवून उभं केलंय. दिवसभर ट्रे उचलणाऱ्याने डायअॅसिटिल ओळखावं ही अपेक्षा रास्त नाही. ग्लास परत घ्यायची त्याला मुभा असेल की नाही, कोण जाणे. तुमची तक्रार त्याच्यापाशी थांबली. ती पुढे जायला हवी आणि तुमच्याकडे तर मालकाचा नंबर असणार, नसला तर शाळेच्या ग्रुपवर मिनिटात मिळेल.

फोन करू नका. फोनवर आपण हमखास ढेपाळतो, 'मस्त चाललंय रे तुझं' म्हणून मोकळे होतो. चार ओळी लिहून पाठवा. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: 'तुझ्याकडे दोनदा आलो, अमुक महिन्यात आणि तमुक महिन्यात. दोन्ही वेळा पेल एलला लोण्याचा ठळक वास होता. दुसऱ्या वेळी स्टाउट दह्यासारखी आंबट लागली. वेटरला सांगितलं, पण ते तुझ्यापर्यंत आलं नसावं. ठाण्यात चांगली बिअर मिळावी अशी माझी फार इच्छा आहे, म्हणून कळवतोय. एकदा ब्रुअरला दाखवशील का?' कौतुकाची पेरणी नको, टोमणाही नको. महिना आणि बिअरचं नाव मात्र हवंच, म्हणजे ब्रुअरला आपल्या नोंदवहीत ती बॅच काढून बघता येईल. स्टाउट कॉफीसारखी आंबट होती असं आठवत असेल, तर ती ओळ गाळा.

मग उत्तर काय येतं ते बघा. किती संधी द्यायच्या हे मी तिथे ठरवते, भेटी मोजून नाही. 'कोणत्या तारखेला आला होतास?' असं त्याने विचारलं तर मला आनंद होईल, कारण तो माणूस बॅच शोधायला निघालाय. 'ती बॅच काढून टाकली' असं म्हणाला तर अर्धी लढाई जिंकली. पाचशे-हजार लिटरची टाकी गटारात सोडताना पोटात काय होतं हे ज्याने सोडलीय त्यालाच ठाऊक, आणि जो ते करू शकतो त्याच्याकडे मी डोळे झाकून परत जाईन. 'ये ना, पुढची बिअर माझ्याकडून' एवढंच आलं तर सावध व्हा. फुकट ग्लासाने लोणी जात नाही. 'सगळ्यांना आवडते, तुम्हालाच कशी लागली?' असं आलं, तर तिसऱ्या भेटीचे पैसे वाचले समजा.

उत्तर बरं आलं तर लगेच त्याच आठवड्यात धावू नका. नवी बॅच निघायला महिनाभर जाऊ द्या. मग शनिवारच्या गर्दीत न जाता बुधवार-गुरुवारच्या संध्याकाळी एका मित्राला घेऊन जा. गाडी घरी ठेवून रिक्षाने जा. पूर्ण ग्लास मागवू नका, छोटे टेस्टर मागवा. चकली, मसाला पापड, कोळंबी कोळीवाडा यांतलं काही तोंडात टाकण्याआधी बिअर चाखा, तिखटाने जीभ चुरचुरायला लागली की बारकावे हरवतात. आणि पेल एलचा टेस्टर दहा मिनिटं तसाच टेबलावर राहू द्या. आपल्याला बिअर बर्फासारखी गार लागते, पण गारवा गुणही लपवतो आणि दोषही. जरा कोमट झाल्यावर हुंगा, तेव्हा जे येईल ते खरं. बिघडलेली वाटली तर दोन घोटांत सांगा, ग्लास रिकामा करून सांगण्याला अर्थ नाही.

सर्वांत जास्त खपणारी बिअर कोणती, हेही विचारा. बहुतेक गिऱ्हाइकं गव्हाची बिअर नाहीतर सायडर घेत असतील तर आयपीए टाकीत आठवडेच्या आठवडे पडून राहते, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध सगळ्यात आधी उडतो. अशा ठिकाणी आयपीए पिऊन ब्रुअरचं मोजमाप करणं त्याच्यावर अन्याय आहे. जी भराभर संपते ती प्या.

या भेटीतही लोणीच निघालं, तर जाणं थांबवा आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका. तुम्ही जे करायचं ते केलंत. त्यानंतर सहा महिने गेले, वर्ष गेलं, म्हणून परत जाऊ नका. काही तरी बदललं तरच जा. सगळ्यात महत्त्वाचा बदल म्हणजे ब्रुअर बदलणं. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, म्हणजे महाराष्ट्रात हा उद्योग अजून पुरता वयातही आलेला नाही. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी वाइन आणि ब्रुइंगचं शिक्षण मिळतं, तरी टाकीशी वर्षानुवर्षं झटलेली माणसं कमीच. ती एका ब्रुअरीतून दुसरीत जातात आणि त्यांच्यासोबत बिअरची चवही जाते. बोर्ड तोच, टेबलं तीच, बिअर मात्र पार वेगळी, असं घडताना मी पाहिलंय, चांगल्या बाजूनेही आणि वाईट बाजूनेही. म्हणून 'तिकडे नवा ब्रुअर आलाय' असं कानावर आलं की तुमचा जुना अनुभव बाजूला ठेवून एकदा टेस्टर घेऊन या.

राहता राहिलं मराठी मुलगा आणि साथ. मला ही भावना अजिबात हसण्यावारी न्यायची नाही. घोडबंदर रोडला एवढी जागा भाड्याने घेऊन, परवान्यांच्या फेऱ्या मारून, घरच्यांच्या 'दारूचा धंदा करणार?' या प्रश्नाला तोंड देऊन त्या मुलाने हे उभं केलंय. त्याचं मला कौतुकच आहे. पण तुमच्या ग्रुपने जी साथ ठरवलीय ती एका रात्रीची आहे. तीस जण येतील, फोटो काढतील, पाच-पाच स्टार देतील आणि त्यातले बरेच जण परत कधी फिरकणार नाहीत. एकमेकांना खासगीत मात्र सांगतील की बिअर काही खास नव्हती. मालकाला त्या रात्रीचा गल्ला दिसेल आणि वाटेल, सगळं ठीक आहे. मंगळवारी संध्याकाळी कोलशेतहून, मानपाड्याहून, हिरानंदानी इस्टेटमधून सहज उठून येणारी माणसं त्याला हवीत, आणि ती चांगल्या बिअरसाठीच येतील. तोंडदेखल्या कौतुकाची साथ त्याला बुडवेल. इतर मित्रांना हेच सांगा, हवं तर माझं नाव पुढे करा.

ग्रुपवर नाही म्हणायला अवघड जात असेल तर दुसरी जागा सुचवूनच नाही म्हणा. येऊरला किंवा खाडीपलीकडे एखादा हॉल, नाहीतर कोणाच्या सोसायटीची गच्ची, जेवण बरं आणि गप्पांना निवांतपणा, एवढं जमलं की कोणी ब्रुअरीची आठवण काढणार नाही. आणि तुमच्या त्या ज्युनिअरलाही बोलवा. तो तुमच्या बॅचचा नसला म्हणून काय झालं, शाळा तर एकच. फक्त तुमचा मेसेज त्याआधी त्याला पोचलेला असू दे, म्हणजे तिथे तुम्हाला त्याच्याशी नजर चुकवून बोलावं लागणार नाही.